‘मी म्हणालो’ की ‘मी म्हटलं’? प्रश्न रहस्यकथेचा आहे

एका होतकरू रहस्यकथाकाराने विचारलं आहे: “एल्मोर लेनर्डच्या नियमांत वाचलं की संवादाला ‘सेड’शिवाय दुसरं क्रियापद लावू नये. मराठीत हे चालेल का? दुसरं असं की माझ्या कादंबरीत निवेदक हाच खुनी आहे, आणि तो पुरुष की बाई हे शेवटच्या प्रकरणापर्यंत कळू द्यायचं नाही. मी ‘मी म्हटलं’ असं लिहिलं होतं. वाचून देणाऱ्या मित्राने ते अशुद्ध ठरवून सगळीकडे ‘मी म्हणालो’ केलं. बरोबर काय?”

आधी मित्राचं. दोन्ही रूपं शुद्ध आहेत, पण या दुरुस्तीने तुमचा खुनी पहिल्याच पानावर पुरुष ठरला.

‘म्हणणे’ हे क्रियापद भूतकाळात दोन वाटांनी चालतं. ‘तो म्हणाला, ती म्हणाली, मी म्हणालो, मी म्हणाले’ हा कर्तरी प्रयोग. इथे क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग उघड करतं. ‘त्याने म्हटलं, तिने म्हटलं, मी म्हटलं’ यात कर्ता तृतीयेत जातो आणि क्रियापद त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यातही ‘त्याने-तिने’मध्ये सर्वनाम चुगली करतं, पण ‘मी’ला तृतीयेतही ‘मी’च राहायची सवय आहे, म्हणून ‘मी म्हटलं’मध्ये काहीच कळत नाही. हे रूप नवं किंवा बोलीतलं म्हणून कमअस्सल मानायचंही कारण नाही. लीळाचरित्रात पानोपानी ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ येतं, ते याच घराण्यातलं.

अर्थात मात्र बारीक फरक आहे. ‘मी म्हणालो’ म्हणजे तोंडातून शब्द बाहेर पडले. ‘म्हटलं, जरा चौकशी करावी’ यात कोणी काही बोललेलं नसतं, तो मनातला विचार असतो. खुनी निवेदकाला ही दुहेरी सोय फार कामाची. ‘मी म्हटलं, आता उशीर झाला’ हे समोरच्याला ऐकू गेलं की नाही, वाचकाला नक्की सांगता येणार नाही. अवतरणचिन्हं घातलीत की ही गंमत संपते, तेव्हा अशा जागी ती गाळा.

आता लेनर्ड. अमेरिकन गुन्हेगारी कादंबऱ्यांचा हा लेखक. त्याचे दहा नियम २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये आले. संवाद पात्राचा असतो, त्याला जोडलेलं क्रियापद म्हणजे लेखकाने मध्येच खुपसलेलं नाक, असं त्याचं म्हणणं. मेरी मॅकार्थी या अमेरिकन लेखिकेने संवादाच्या शेवटी वापरलेलं एक अवजड क्रियापद पाहून आपल्याला वाचन थांबवून शब्दकोश आणावा लागला, असंही त्याने तिथे सांगितलं आहे. आपल्याकडचे ‘उद्गारला’, ‘उत्तरली’ आणि ‘वदला’ त्याच जातीचे. माणसं बोलताना ‘मग तो उत्तरला’ असं कधी म्हणत नाहीत. ‘“ये ना,” तो हसला’ ही रचना तर मला मुळीच पटत नाही. हसण्यातून वाक्य कसं निघेल? ‘तो हसून म्हणाला’ हे आपलं जुनं, सरळ वळण आहे आणि ते मोडायची गरज नाही.

तरी नियम जसाच्या तसा उचलू नका. ‘विचारलं’ आणि ‘सांगितलं’ ही मराठीत ‘म्हणाला’इतकीच न टोचणारी क्रियापदं आहेत. प्रश्नानंतर ‘म्हणाला’ लिहिलं तर उलट तेच खटकतं.

तुमच्या खुन्यासाठी तर व्याकरणाने आपणच चाळणी लावून ठेवली आहे. मी विचारलं, मी सांगितलं, मी म्हटलं: लिंग झाकलेलं. मी पुटपुटलो, मी ओरडले, मी कुजबुजलो: उघडं. लेनर्डला जी क्रियापदं नको होती, त्यांतली बरीचशी मराठीत कर्तरी चालतात, म्हणजे तुमच्याही उपयोगाची नाहीत.

हेच संवादाबाहेरही पाळावं लागेल. ‘मी चावी उचलली’ यात लिंग चावीचं. ‘मी दार उघडलं’ यात दाराचं. पण दार उघडून ‘मी आत गेलो’ लिहिलंत की संपलं. तिथे ‘मी आत पाऊल टाकलं’ करावं लागतं. ‘मी घाबरले’ऐवजी ‘मला भीती वाटली’. भविष्यकाळात ‘मी जाईन’, ‘मी बघीन’ बिनधास्त लिहा, वर्तमानात मात्र ‘मी जातो’ की ‘मी जाते’ हे ठरवावंच लागतं, म्हणून वर्तमानकाळातलं निवेदन या कादंबरीला नकोच.

खरा सापळा वेगळाच आहे. विसरणे, शिकणे, पिणे ही क्रियापदं कर्म घेतात, पण भूतकाळातही कर्त्यामागेच जातात. ‘मी त्याचं नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यायले’. ‘सकर्मक आहे, चालेल’ अशा भरवशावर लिहिलेली हीच वाक्यं घात करतात. ‘त्याचं नाव मला आठवलं नाही’ आणि ‘मी घोटभर पाणी घेतलं’ ही पळवाट आहे. दुसऱ्या पात्रांनाही आवरा: ‘तू म्हणालीस ना?’ नको, ‘तू म्हटलंस ना?’ हवं. पडद्याआडचा तिसरा माणूस असेल तर ‘कोणीतरी कुजबुजलं’, नपुंसकलिंग आपलं आहेच.

‘म्हणाला’चा आणखी एक उपयोग इंग्रजी ‘सेड’ला जमणारच नाही. सबंध कादंबरीभर ‘डॉक्टर म्हणाले’ असं आदराने लिहीत या, आणि पुरावा सापडल्यावर एका ओळीत ‘डॉक्टर म्हणाला’ करा. कोणाचा संशय कोणावर गेला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अफवांसाठी ‘म्हणे’ आहे. ‘त्या रात्री म्हणे तिथे कोणीच नव्हतं’ यात निवेदक खोटं बोलत नाही, फक्त जबाबदारी झटकतो. खुनीच निवेदक असताना प्रकरणात एखादा ‘म्हणे’ पुरे. तीनचार आले की चाणाक्ष वाचक त्यालाच धरेल.

तुमच्या नमुन्यातलं ‘“दार बंद होतं,” मी पुटपुटलो आणि मागे वळलो’ हे वाक्य मी असं करीन: ‘दार बंद होतं, मी म्हटलं, आणि पाठ फिरवली.’ मित्राने केलेले बदल परत फिरवताना ‘म्हणालो’ शोधून एकगठ्ठा बदलू नका. इतर पात्रं स्वतःबद्दल बोलताना ‘मी म्हणालो’ म्हणत असतील, त्यांचं ते तसंच राहू द्या.