टू-फोटॉन मायक्रोस्कोपसाठी टायटेनियम-सफायरऐवजी फेम्टोसेकंद फायबर लेझर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की विभागात टू-फोटॉन मायक्रोस्कोप (दोन फोटॉन एकदम शोषले गेले की नमुना चमकतो, त्यावर चालणारा) उभा करायचाय, टायटेनियम-सफायर हा त्यासाठीचा रूढ लेझर बजेटात बसत नाही, विक्रेता १०४० नॅनोमीटरचा फायबर लेझर देतोय आणि त्याच्या कागदावर पल्सची लांबी '१४० फेम्टोसेकंद' (हजार फेम्टोसेकंदांचा एक पिकोसेकंद) लिहिलंय, तर घ्यावा का.

घ्या. पण त्या १४० वर विसंबून सही करू नका. असल्याच एका आकड्यापायी माझे आठ महिने गेले, म्हणून लिहायला बसले.

मी जीवशास्त्राची. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी झेब्राफिशच्या पिल्लांवर काम करत होते. रक्तवाहिन्यांत एमचेरी हे लाल प्रथिन असलेली पिल्लं. आमच्या गटातल्या एका सीनियर सरांनी यटर्बियमचा फायबर लेझर स्वतः बांधला होता. पोलरायझेशन न सांभाळणारा साधा फायबर, रोज सकाळी वेव्हप्लेट (पोलरायझेशन फिरवणारी चकती) फिरवून मोड-लॉक लावायचा, म्हणजे सलग प्रकाशाऐवजी आखूड पल्सची स्थिर रांग मिळवायची. रात्रीतून एसी बंद पडला की दुसऱ्या दिवशी लॉक गेलेला. बांधणी मात्र मेहनतीची होती, हे मी तेव्हाही म्हणायची.

चित्र मात्र अंधुक. २० मिलिवॉटला ज्या वाहिन्या स्वच्छ दिसायला हव्यात त्या ७५ मिलिवॉटलाही जेमतेम दिसायच्या, आणि तेवढ्या पॉवरला एखादी रंगद्रव्याची पेशी वाटेत आली की तिथे बुडबुडा फुटून पिल्लू मरायचं. सरांचं उत्तर ठरलेलं: "तुझे मासे बघ आधी." मग मी पीटीयू (पिल्लांत रंगद्रव्य होऊ न देणारं रसायन) बदललं, ताजं करून पुन्हा ०.००३ टक्क्यांचं लावलं, अ‍ॅगरोज बदललं, माशांची नवी पैदास घेतली. ग्रुप मीटिंगमध्ये दर वेळी माझ्या नमुन्यांवर चर्चा. लेझरवर कधीच नाही, कारण लेझरचे पुरावे भिंतीवर चिकटवलेले होते: ऑटोकोरिलेशन (पल्स तिच्याच प्रतीवर पुढेमागे सरकवून लांबी मोजणं) १८० फेम्टोसेकंद, स्पेक्ट्रम रुंद आणि गुळगुळीत, ऑसिलोस्कोपवर पल्सची रांग एकसारखी. वर पॉवर दुप्पट केली की सिग्नल चौपट व्हायचा, म्हणजे टू-फोटॉन आहेच.

हे चारही पुरावे खरे होते आणि चारही निरुपयोगी. चौपटीचा नियम पल्स लांब असली तरी पाळला जातो. तो फक्त दोन फोटॉन लागताहेत एवढंच सांगतो. ऑसिलोस्कोपचा फोटोडायोड इतका संथ असतो की पल्सच्या पोटात काय चाललंय ते त्याला कळत नाही. स्पेक्ट्रम गुळगुळीत दिसतो तो लाखो पल्सची सरासरी असतो. राहिलं ऑटोकोरिलेशन.

सातव्या महिन्यात मी मासे बाजूला ठेवले आणि कव्हरस्लिपखाली रोडामिन या चमकणाऱ्या रंगाच्या द्रावणाचा थेंब घेतला. त्यात ना पीटीयू, ना अ‍ॅगरोज. तोच थेंब दुसऱ्या एका प्रयोगशाळेत १०४० वर लावलेल्या टायटेनियम-सफायरखाली नेला. तेवढ्याच पॉवरला सिग्नल दहापटीहून जास्त. सर म्हणाले, त्यांचा डिटेक्टर चांगला आहे. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मायक्रोस्कोप खरंच वेगळा होता.

मग एका संध्याकाळी आमच्या ऑटोकोरिलेटरची खिडकी (प्रत किती पुढेमागे सरकवून बघायची तो पट्टा) २ पिकोसेकंदांवर लावलेली असायची, ती मी पूर्ण उघडली. टोकदार शिखर जागेवरच होतं, पण ते एका रुंद चौथऱ्यावर उभं होतं; उंची शिखराच्या निम्मी, रुंदी काही पिकोसेकंद. अरुंद खिडकीत तो चौथरा सपाट दिसायचा आणि सॉफ्टवेअरमध्ये 'पार्श्वभूमी वजा' केली की नाहीसा व्हायचा. सर म्हणाले, डिटेक्टरचा ऑफसेट आहे. मी ऑटोकोरिलेटरची एक भुजा, म्हणजे पल्सच्या दोन प्रतींपैकी एकीची वाट, कार्डानं झाकली. ऑफसेट असता तर तो राहिला असता. चौथरा शून्यावर गेला. आम्ही याला कंट्रोल म्हणतो, आणि बीएस्सीच्या मुलांकडूनही तो मागतो.

म्हणजे बाहेर येत होता तो एक १८० फेम्टोसेकंदांचा ठोका नव्हता, तर पाचेक पिकोसेकंदांचा गोंगाटाचा गठ्ठा होता, ज्याच्या आत बारीक काटे दर वेळी वेगळ्या जागी उगवत होते. शिखराची रुंदी त्या काट्यांची, गठ्ठ्याची नव्हे. टू-फोटॉनचा सिग्नल सरासरी पॉवरच्या वर्गाला पल्सच्या लांबीनं आणि पुनरावृत्तीच्या वारंवारितेनं भागल्यावर येतो. काट्यांचा थोडा फायदा धरूनही सिग्नलचा हिशेब चौदा-पंधरा पट तोट्याचा निघतो, म्हणजे तो भरून काढायला त्याच्या वर्गमुळाइतकी, पावणेचार पट पॉवर. माझ्या २० मिलिवॉटचे ७५ का झाले, ते या भागाकारात होतं. पंप डायोडची पॉवर उतरवून, वेव्हप्लेट नव्यानं लावून खरा मोड-लॉक मिळाला तेव्हा स्पेक्ट्रमच्या कडा उभ्या कापल्यासारख्या दिसल्या, आणि त्याच दिवशी त्याच पिल्लांच्या वाहिन्या २० मिलिवॉटला दिसल्या. मासे चांगले होते. हे वाक्य मला त्या मीटिंगमध्ये कुणाकडून तरी ऐकायचं होतं, ते आजवर ऐकलेलं नाही.

म्हणून विक्रेत्याला सांगा: ऑटोकोरिलेशनचा पूर्ण आलेख द्या, दोन्ही बाजूंना किमान १० पिकोसेकंद, काही वजा न करता. आणि तो लेझरच्या तोंडाशी नको, ऑब्जेक्टिव्हच्या खाली हवा. मधल्या काचा पल्स पसरवतात. या पसरवण्याचं माप म्हणजे डिस्पर्शन; वाटेत ते ५००० फेम्टोसेकंद-वर्ग इतकं असेल तर १०० फेम्टोसेकंदांची पल्स १७० ची होते. डेमोला स्वतःचा नमुना घेऊन जा. विभागात कुणी तुमच्या नमुन्यांकडे बोट दाखवलं तर आधी रंगाचा थेंब ठेवा, मग बोला.

'फायबर लेझर म्हणजे दुय्यम' हे ऐकून घेऊ नका. १९९० मध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी कॉर्नेलला टू-फोटॉन मायक्रोस्कोपी दाखवली ती डाय लेझरवर. टायटेनियम-सफायर नंतर रूढ झाला. त्याच कॉर्नेलमध्ये ख्रिस शू यांच्या गटानं २०१३ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसपर्यंत थ्री-फोटॉननं पाहिलं, त्या प्रकाशाची सुरुवात १५५० नॅनोमीटरच्या फायबर लेझरपासून होती; पुढे त्याची तरंगलांबी १७०० च्या आसपास सरकवलेली.

आता जे आधी विचारायला हवं होतं ते: तुम्ही बघणार काय? एमचेरी, टीडीटोमॅटो (तेही लाल प्रथिन) किंवा न रंगवलेलं कोलॅजन असेल तर १०४० उत्तम. जीएफपी (हिरवं प्रथिन) किंवा जीकॅम्प (त्यापासून केलेला कॅल्शियम दाखवणारा) असेल तर ९२० चा फायबर लेझर मागा, तोही मिळतो. एनएडीएचसारख्या पेशींच्या स्वतःच्या चमकेसाठी ७५० च्या जवळपास लागतं, तिथे हा १०४० कामाचा नाही. आज एक आणि उद्या दुसरं बघायचं असेल तर तरंगलांबी बदलता येणारा टायटेनियम-सफायरच बरा, त्याचा चिलर सांभाळायची तयारी ठेवून.

आणि हेही सांगायला हवं की माझा अनुभव घरी बांधलेल्या लेझरचा आहे. पोलरायझेशन सांभाळणारा फायबर आणि सॅच्युरेबल अ‍ॅब्सॉर्बर आरसा (मोड-लॉक आपोआप लावणारा) वापरलेले बाजारातले लेझर एसी गेल्यानं असे बिथरत नाहीत. तरी तो आलेख मागाच.