साडेसातचा फोन

"मॅडम, बाप दारूत गेला. आता पोरीनं पण जन्मभर दारुड्यांतच बसायचं का?"

केतकीच्या आईचं हे वाक्य. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वाक्य तेच ठेवलंय.) कोथरूडला पोळी-भाजी केंद्र चालवणारी बाई. दुपारच्या डब्यांची गडबड उरकून, हाताला पीठ तसंच, माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. शेजारी केतकी मान खाली घालून बसलेली. बी.ए. मानसशास्त्र झालं होतं. एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश घ्यायचा आणि पुढे व्यसनमुक्तीतच काम करायचं, एवढं तिचं ठरलेलं.

प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न दरवर्षी येतो. आईवडील केतकीच्या आईच्या भाषेत विचारतात. मुलं जरा आडून विचारतात, "घरात दारू पाहिलीये. म्हणून मला हे काम जमेल, की म्हणूनच जमणार नाही?"

तेव्हा मी एक चूक केली. आईची समजूत काढायच्या नादात म्हणून गेले, "अहो, जिनं घरात सोसलंय तिलाच पेशंटचं दुःख कळणार ना!" केतकीचा चेहरा खुलला. आई काही बोलली नाही. आज मी हे वाक्य कुणालाही म्हणत नाही.

शिक्षणाचं काय ते थोडक्यात सांगते, कारण त्यातही गोंधळ फार असतो. व्यसनमुक्तीत काम करायला एकच वाट नसते. एम.एस.डब्ल्यू. करून मनोसामाजिक काम करता येतं, एम.ए. करून समुपदेशन करता येतं. पण नुसत्या एम.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. औषधं लिहिण्याचं काम डॉक्टरांचंच. पुण्यात राहणाऱ्याला शिकायला लांब जायला नको. कर्वे समाज सेवा संस्था इथेच आहे, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग इथेच आहे. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या, त्यांनी आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीनं १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेही इथेच. मी केतकीच्या आईला मुद्दाम सांगितलं होतं की तिथे काम करणाऱ्यांत एके काळचे पेशंटही आहेत. "असतील," ती म्हणाली. तिनं पाहिलेला एकच दारुडा होता आणि तो बरा झाला नव्हता. तिचं तरी काय चुकलं?

केतकीनं प्रवेश घेतला.

पहिल्या वर्षी ती एकदा अचानक आली, तीही वर्गातून उठून. त्या दिवशी विथड्रॉवल, म्हणजे दारू सुटताना शरीराला होणारा त्रास, शिकवलं होतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, नसलेलं दिसायला लागतं, ताप चढतो, आणि उपचार नसतील तर माणूस दगावूही शकतो. म्हणून असं सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं. बेंझोडायझेपिन गटातली औषधं देतात, थायमिन म्हणजे बी१ जीवनसत्त्व देतात.

तिचे बाबा दर वर्षी श्रावण पाळायचे. गटारीला पोटभर, आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. घरात तेवढाच काय तो आनंद. तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर मुंग्या दिसायला लागायच्या, अंथरुणावरून ते मुंग्या झटकत बसायचे. एका वर्षी आजी म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे. त्यांना खोलीत घालून कडी लावली. केतकी तेव्हा सातवीत. कडी तिनं लावली होती, कारण आईचे हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी आईनंच औषधाच्या टोपणानं दोन टोपणं दारू पाजली आणि माणूस ताळ्यावर आला.

"मॅडम, त्यांना हॉस्पिटलात न्यायला हवं होतं. आणि मी कडी लावली."

बाबा पुढे पाच वर्षांनी यकृताच्या सिरॉसिसनं गेले. त्या कडीचा आणि मृत्यूचा काही संबंध नव्हता, हे मी तिला सांगितलं आणि तिला ते पटलंही. पटलं, पण आत पोचलं नाही. पाठ्यपुस्तकाचा हा भाग कुणी सांगत नाही. इतरांसाठी ती लक्षणांची यादी असते, अशा मुलांसाठी ते घरातलं जुनं भांडण असतं, आणि त्यात आता निकाल लागतो. दर आठवड्याला येत जा, मी म्हटलं. ती तीनदा आली. मग फील्डवर्क सुरू झालं आणि यायची थांबली.

पुन्हा आली ती दुसऱ्या वर्षी, सुपरवायझरनं पाठवलं म्हणून.

व्यसनमुक्ती केंद्रातला तिचा एक पेशंट, हडपसरच्या गॅरेजमध्ये काम करणारे एक काका, बरे होऊन घरी गेले होते. केतकीनं त्यांना स्वतःचा नंबर दिला. रोज साडेसातला फोन. "काका, जेवलात का?" म्हणजे खरं तर, आवाज कसा येतोय ते ऐकायचं. दीड महिना हे चाललं. एका संध्याकाळी फोन उचलला गेला नाही. तिनं पुन्हा पुन्हा लावला, आणि शेवटी स्कूटी काढून कोथरूडहून हडपसर गाठलं. काका पिऊन पडलेले. केतकी त्यांच्या बायकोवर ओरडली, "तुमचं लक्ष कुठे होतं?"

ती बाई शांतपणे म्हणाली, "ताई, चौदा वर्षं लक्षच ठेवतेय की."

हे सांगताना केतकी रडली नाही, चिडली होती. पेशंटवर, सुपरवायझरवर, थोडीशी माझ्यावरही. मी एवढंच विचारलं, "साडेसातच का?"

बराच वेळ गेला. मग म्हणाली, "साडेसातला बाबांच्या कंपनीची बस यायची. मी गॅलरीत उभी राहायचे. बसमधून उतरले तर बरं. नाही उतरले, म्हणजे मधेच उतरलेत."

अल-अनॉनमध्ये, म्हणजे व्यसनी माणसाच्या घरच्यांच्या गटात, एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: हे मी घडवलं नाही, मी आवरू शकत नाही, मी बरं करू शकत नाही. केतकीला ही तिन्ही वाक्यं पाठ होती, परीक्षेत लिहिली होती. पण तिला ती पहिल्यांदा ऐकवली गॅरेजवाल्या काकांच्या बायकोनं.

या वेळी ती नियमित आली, सात-आठ महिने. आम्ही काकांबद्दल फार कमी बोललो, गॅलरीबद्दल जास्त. नंबर देणं बंद झालं. स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा प्यायला लागलेला, पेशंट परत आला की त्याचा चेहरा बघून आपल्या पोटात काय होतं, ते ती वहीत लिहून सुपरवायझरला दाखवायला लागली. काकाही परत अॅडमिट झाले. केतकीनं त्यांची केस दुसऱ्या मुलीकडे द्यायला सांगितली. माझ्या मते तिनं त्या दोन वर्षांत केलेलं हे सगळ्यात चांगलं काम.

आता अशी मुलं आली की मी विचारते, घरातला माणूस जाऊन किंवा सुटून किती दिवस झाले? जखम ओली असेल तर पहिल्या वर्षाचं फील्डवर्क दुसरीकडे मागा, शाळेत, हॉस्पिटलात, कुठेही. स्वतःसाठी समुपदेशक शोधा, आणि फील्डवर्क सुरू झालं म्हणून त्याच्याकडे जाणं सोडू नका. तीन भेटींनंतर केतकी आली नाही तेव्हा मी पाठपुरावा केला नाही, म्हणून हे जरा जोरात सांगते. घरचा अनुभव असण्यानं ना माणूस लायक ठरतो, ना नालायक. कधीकधी त्यानं घाई मात्र होते.

मागच्या महिन्यात केतकीच्या आईचा फोन आला. स्थळं बघतायत. "मॅडम, लोक विचारतात मुलगी कुठे नोकरीला आहे. काय सांगू?"

"हॉस्पिटलात आहे म्हणा," मी म्हटलं.

मागून केतकीचा आवाज आला, "दारूच्या हॉस्पिटलात म्हण गं, आई!"

"बघा," आई म्हणाली, "ही अशी." आणि पोळ्यांची ऑर्डर आहे म्हणून फोन ठेवला.