मॉडेल रेल्वेचे पितळी वाफेचे इंजिन (एचओ मापाची, विजेवर चालणारी प्रतिकृती) विकत घ्यावे का?

घरातल्या 18 इंच त्रिज्येच्या वळणांवर रोज चालवण्यासाठी जुने जपानी पितळी इंजिन घेऊ नये; कपाटात मांडण्यासाठी आणि त्यातील हस्तकामासाठी हवे असेल, तर मात्र अवश्य घ्यावे. एचओ म्हणजे 1:87 मापाची (खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी) अशी इंजिने जपानमध्ये आणि पुढे कोरियात थोड्या संख्येने, सुटे भाग हाताने डाखून तयार होत असत, त्यामुळे त्यांची किंमत मुख्यतः कारागिरीची आणि दुर्मिळतेची असते, चालण्याच्या गुणवत्तेची नव्हे. मोठ्या इंजिनाची चाके घट्ट वळणावर रुळावरून उतरतात, त्यांना बहुधा 24 ते 30 इंचांची त्रिज्या लागते. शिवाय इंजिन रुळांतून वीज घेते आणि त्याचा संपूर्ण सांगाडा वीजवाहक असल्याने चाकाचा किंवा डब्याच्या जोडणीचा किंचित स्पर्शही शॉर्टसर्किट घडवतो, आणि जुनी उघडी मोटर इतका प्रवाह खेचते की डिजिटल नियंत्रणासाठी ती बहुधा बदलावी लागते. घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून इंजिन संथ वेगात दोन्ही दिशांना चालतानाचे चित्रीकरण मागवावे, मूळ खोका आहे का ते विचारावे, आणि परदेशातून येणार असल्यास टपालखर्चासह होणाऱ्या रकमेवर सीमाशुल्क व जीएसटी धरूनच हिशेब करावा. कोल्हापूरच्या पावसाळी दमट हवेत लाखेचा थर उडालेले पितळ लवकर काळवंडते, म्हणून बंद काचेचे कपाट हवे; पण गुजरीत (तिथल्या सराफ बाजारात) नेऊन चकाकी मात्र करून घेऊ नये (हा मोह अनेकांना होतो), कारण त्याने बारीक रिव्हेट झिजतात आणि पुनर्विक्रीची किंमत पडते. लहान, सहा चाकी शंटिंग इंजिन (यार्डात डबे हलवणारे) असेल, तर वळणाची अडचण सहसा येत नाही.