कापसाच्या चुकाऱ्यातून फोन: आयफोन की अँड्रॉइड?

(वाचकांच्या मोबाइलविषयीच्या प्रश्नांना पांढरकवड्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या आमच्या स्तंभलेखिका ताईंची उत्तरं.)

प्रश्न : नमस्कार ताई. मी घाटंजी तालुक्यातला शेतकरी, कापूस आणि तूर घेतो. माझ्या फोनची स्क्रीन अर्धी काळी झाली आहे. कापसाचा चुकारा हाती आला की पंचवीस हजारांच्या आत फोन घ्यायचा आहे. मुलगा यवतमाळला डिप्लोमा करतो. तो म्हणतो, "बाबा, ओळखीत आयफोन १२ आहे, एकवीस हजारात देते, दहा वर्षं पाहायचं काम नाही." माझे साळे म्हणतात, "आयफोन कायले घेता, दुकानातून नवा अँड्रॉइड घ्या." दोघं दिवाळीपासून भांडून राहिले. फोन माझ्या खिशात राहील, पण पीक पाहणी, कापसाची नोंदणी, पैसे पाठवणं, मुलीचा दहावीचा अभ्यास, सगळं त्याच्यावरच. कोणता घेऊ?

उत्तर : भाऊ, नवा अँड्रॉइड घ्या. निकाल साळेबुवांच्या बाजूनं लागला म्हणून पोट्ट्याला येडं समजू नका. त्याच्या म्हणण्यात दम आहे, फक्त तुमच्या घरात ते बसत नाही.

आधी त्याचाच मुद्दा घेते. आयफोनही ॲपलचा आणि त्याच्या आतलं, फोन चालवणारं सॉफ्टवेअर आयओएसही ॲपलचंच. त्यामुळे नवी आवृत्ती आली की चालू यादीतल्या सगळ्या आयफोनना एकदमच मिळते. अँड्रॉइड गूगल बनवते, पण फोन बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर. गूगलकडून आलेली आवृत्ती प्रत्येक कंपनी आपापल्या फोनवर बसवून, तपासून, मग पुढं देते. फोन स्वस्तातला असला की दोन-तीन वर्षांत कंपनीचं त्यातलं लक्ष उडतं. याउलट २०१५ च्या आयफोन ६एसला २०२१ ची आयओएस १५ मिळाली होती. पोरगा हेच पाहून बोलतो.

पण तो जो फोन सांगतो, तो २०२० चा आहे. २०१८ च्या आयफोन एक्सएसला २०२५ ची मोठी आवृत्ती, आयओएस २६, मिळाली नाही. म्हणजे साधारण सात वर्षांत गाडी थांबली. हाच हिशोब लावला तर आयफोन १२ ची बरीच वर्षं पहिल्या मालकानंच वापरून झाली. मोठ्या आवृत्त्या थांबल्या म्हणून फोन दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, सुरक्षेचे छोटे अपडेट पुढंही काही काळ येत राहतात. तरी "दहा वर्षं" हे विकणाऱ्याचं बोलणं आहे.

इकडं अँड्रॉइडही पहिल्यासारखं राहिलं नाही. गूगलनं २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचे अपडेट कबूल केले, सॅमसंगनं २०२४ मध्ये एस२४ ला तेवढेच. ते महागडे फोन, आपल्या कामाचे नाहीत. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे सॅमसंगनं त्याच वर्षी गॅलॅक्सी ए१६ ५जी या मध्यम किमतीच्या फोनलाही सहा वर्षं सांगितली. तोच घ्या असं मी म्हणत नाही. दुकानदाराला एवढंच विचारा की या मॉडेलला सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत आहेत. त्यानं कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर गाडी नेली, तर त्याला उत्तर माहीत नाही असं समजा.

आता फोन तुमच्या घरात आला असं धरू. आयफोन १२ चं सुरुवातीचं मॉडेल ६४ जीबीचं. मेमरी कार्ड कोणत्याच आयफोनात लागत नाही. कृषी केंद्राच्या ग्रुपवरचे बोंडअळीचे व्हिडिओ, लग्नाचे फोटो, पोरीच्या तासिका, सगळं त्या ६४ मध्येच. आयक्लाउडवर ५ जीबी फुकट मिळतं, पुढं महिन्याला पैसे. पंचवीस हजारांच्या आत १२८ जीबीचा नवा अँड्रॉइड सहज मिळतो. वरून मेमरी कार्डाची जागा असलेला पाहिला तर पाहुण्यांचे व्हिडिओ त्यात लोटता येतात.

सिमचं त्याहून अवघड. तुमच्याकडं दोन सिम असतीलच, कारण एका कंपनीची रेंज घरात येते तर दुसरीची वावरात. आयफोन १२ मध्ये एकच सिम आत जातं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच चालणारं सिम, करून घ्यावं लागतं. ई-सिम वाईट नाही. पण फोन विहिरीत पडला तर सिम काढून शेजाऱ्याच्या फोनात टाकायची सोय गेली. कापूस विक्रीच्या ओटीपीची वाट पाहताना असं झालं तर माणसाचा जीव टांगणीला लागतो.

ओटीपीवरून ॲपवर येते. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर मोबाइलवर आली. शेतात उभं राहून फोटो काढायचा, लोकेशन लागतं. हमीभावानं सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आणि दिवस ठरवणं आलं. विजेचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' दोन्हीकडं आहे. पण सरकारी ॲप बहुतेक अँड्रॉइडसाठी आधी निघतात, कारण आपल्या देशात दहातले नऊहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइड आहेत. म्हणून आयफोनवर कोणाचं मन बसलंच असेल तर पैसे मोजण्याआधी त्याच फोनचं ॲप स्टोअर उघडून आपल्याला लागणारी ॲप एकेक करून शोधावी. पाच मिनिटांचं काम आहे. तेवढं कोणी करत नाही आणि मग तलाठ्याशी वाद घालतात.

आणि अडल्यावर विचारणार कोणाला? तुमच्या गल्लीत सगळ्यांकडं अँड्रॉइड आहे. "लोकेशन चालू कर, परमिशन दे" हे शेजारचा पोरगा तुमच्या हातातला फोन न पाहता सांगू शकतो. आयफोनात त्याच गोष्टी दुसऱ्या ठिकाणी आहेत, तिथं तोही अडखळेल. साळ्यांच्या फोनमधला फोटो ब्लूटूथनं आयफोनात घेता येत नाही. घरातले बाकी चार्जर टाइप-सीचे असतील, आयफोन १२ ची पिन वेगळी. ॲपलनं टाइप-सी २०२३ मध्ये आयफोन १५ पासून दिली. दुरुस्तीचं तर माझं रोजचंच. चालू अँड्रॉइड मॉडेलचा डिस्प्ले मी यवतमाळहून दुसऱ्या दिवशी मागवते. आयफोनचा मूळ डिस्प्ले अधिकृत सेंटरलाच मिळतो. बाहेरचा लावला तर चालतो, पण सेटिंगमध्ये 'अनोळखी पार्ट' अशी नोंद दिसते आणि विकताना भाव पडतो.

फोन उघडायचंही पाहा. आयफोन १२ ला बोटाचा ठसा नाही, चेहरा दाखवावा लागतो. मे महिन्यात तोंडाला दुपट्टा आणि डोळ्यावर गॉगल लावून चेहरा काय दाखवणार? अर्थात कापूस वेचून आणि निंदून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांना अँड्रॉइडचा ठसाही धड लागत नाही. रेशन दुकानात त्यांचा हाच अनुभव आहे. अशांनी सरळ सहा आकडी पिन ठेवावा. जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून.

उन्हाचं दोन्हीकडं सारखंच. ॲपल स्वतः सांगते की आयफोन ० ते ३५ अंशांत वापरावा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सावलीतच पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. तापला की फोन चार्जिंग थांबवतो, स्क्रीन मंद करतो, फारच झालं तर थंड होईपर्यंत काम करत नाही. टिनाच्या खोलीत उशीखाली चार्जिंगला लावू नका, मोटारसायकलच्या हँडलवर भर दुपारी लावू नका. फुगलेल्या बॅटऱ्या माझ्याकडं उन्हाळ्यातच जास्त येतात, कंपनी कोणतीही असो.

आता एका बाबतीत मात्र मी पोराच्या बाजूची. 'पीएम किसान', 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावांची एपीके फाइल, म्हणजे दाबली की अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल, व्हॉट्सॲपवर येते, ती ओळखीच्याच नंबरवरून येते. कारण त्या ओळखीच्याचा फोन आधीच गेलेला असतो. तुम्ही दाबली, परवानग्या दिल्या, की ती तुमचे एसएमएस वाचते, ओटीपी परस्पर दुसरीकडं पाठवते आणि सकाळपर्यंत खातं साफ. वरून तुमच्या नावानं तीच फाइल साऱ्या गावाला जाते. आयफोनवर एपीके चालतच नाही. ज्यांच्या हातून फाइल दाबली जाण्याची भीती वाटते, अशा म्हाताऱ्या माणसांसाठी हे फार मोठं संरक्षण आहे. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारा मात्र आयफोनवाल्यालाही लुटतो.

अँड्रॉइड घेतला की पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये 'अननोन ॲप्स' असं शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स या सगळ्यांची इन्स्टॉल करायची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमधलं, घातक ॲप पकडणारं 'प्ले प्रोटेक्ट' चालू ठेवा. तरी फाइल दाबली गेलीच तर आधी इंटरनेट बंद करा, मग दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या नंबरवर कळवा. जितकं लवकर कळवाल तितके पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. लोक लाजेपोटी दोन दिवस घालवतात.

मराठीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण मुलीसाठी सांगते. अँड्रॉइडवर पूर्ण फोन मराठीत करता येतो, त्याला बरीच वर्षं झाली. आयफोनच्या सेटिंगात ती सोय २०२५ मध्ये आली. बोलून मराठी लिहायचं तर मला गूगलचा कीबोर्ड जास्त बरा वाटतो. माझ्या सासूबाई त्याच्यावर वऱ्हाडी बोलतात, तरी बरंचसं बरोबर उमटतं.

तर भाऊ, पंधरा ते अठरा हजारांत थांबा. रॅम ६ जीबी, साठवण १२८ जीबी, ५जी, अपडेटची वर्षं विचारून. उरलेल्यात चांगलं कव्हर, काच आणि मूळ चार्जर घ्या, कारण हल्ली बऱ्याच डब्यांत चार्जर नसतो. हप्त्यावर घेऊ नका. हप्ता थकला की फोन लॉक करणारं ॲप काही फायनान्सवाले आत टाकून देतात, आणि चुकारा उशिरा येणं आपल्या हातात नाही.

मुलानं स्वतःच्या कमाईतून तो आयफोन घेतला तर घेऊ द्या, त्याला शोभेल. फक्त त्याला सांगा, पैसे द्यायच्या आधी विकणाऱ्यानं त्याच्यासमोर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करून ॲपल आयडी काढला पाहिजे, नाहीतर फोन आयक्लाउडला बांधलेलाच राहतो आणि तो कुलूपबंद डबा मी काय, कोणताच दुरुस्तीवाला उघडू शकत नाही. बॅटरी हेल्थ ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे कापून भाव करावा. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढावा, मग 'केवायएम', एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर तिथंच कळतं. बिल नसेल तर घेऊ नये, विकणारा सख्ख्या मित्राचा भाऊ असला तरी.

प्रश्न : माझी आत्या आर्वीजवळच्या गावात एकटी राहते. तिच्याकडं बटणाचा जिओफोन आहे. त्याच्यावर व्हॉट्सॲप बंद झालं. तिला स्मार्टफोन द्यावाच का? तिला फक्त माझ्याशी बोलायचं असतं आणि किराणावाल्याला पैसे द्यायचे असतात.

उत्तर : २०१७ मध्ये आलेला जिओफोन ना अँड्रॉइडवर चालतो ना आयओएसवर. त्याच्यात कायओएस आहे. व्हॉट्सॲपनं २०२५ च्या सुरुवातीला त्याची साथ सोडली, ते आता परत येईल असं धरू नका. पण आत्याबाईंना चेहरा पाहून बोलायचं नसेल तर बटणाचा फोन राहू द्या. बॅटरी चार दिवस जाते आणि त्याच्यावर एपीके येत नाही. पैशांसाठी साध्या फोनवरही यूपीआय आहे. सिमची कंपनी ती सोय देत असेल तर *९९# डायल करून एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, इंटरनेट लागत नाही. २०२२ पासून '१२३पे' ही फोन करून पैसे द्यायची सोयही आहे. बँकेत दिलेला नंबर याच फोनात असला पाहिजे आणि सुरुवातीला एटीएम कार्डाचे आकडे लागतात, म्हणून पहिल्यांदा तुम्ही जवळ बसून करून द्या. पिन मात्र त्यांनाच टाकू द्या, तुम्हीही पाहू नका.

नातवाला पाहायची हौस असेल तर जुना का होईना अँड्रॉइड द्या. पहिल्या पानावर तीनच चित्रं ठेवा, अक्षर मोठं करा, बाकी सगळं लपवा.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाते आहे, यजमानांनी भेट दिला. व्हॉट्सॲपवरचं जुनं सगळं जाईल का? त्यात लाभार्थ्यांचे फोटो आहेत.

उत्तर : जाणार नाही, पण घाई करू नका. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर असतो, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. आयफोन सुरू करून नुसतं व्हॉट्सॲप टाकलं तर पाटी कोरी दिसेल. २०२२ पासून ॲपलच्या 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून चॅट थेट नेता येतात. ते जुन्या अँड्रॉइडवर टाका. आयफोन अगदी नवा किंवा रीसेट केलेला असावा, कारण हा पर्याय पहिल्यांदा सुरू करतानाच येतो. दोन्ही फोन चार्जिंगला लावा, एकाच वायफायवर ठेवा, व्हॉट्सॲपचा नंबर दोन्हीकडं तोच हवा. फोटो जास्त असतील तर वेळ लागतो, तेवढ्यात कोणाला फोन घेऊ देऊ नका. आणि ताई, नव्या फोनवर सगळं उघडून पाहिल्याशिवाय जुना फोन पुसू नका, विकू नका, दिराला देऊ नका.

कामासाठी शासनाचा वेगळा फोन मिळाला असेल तर पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप त्याच्यावरच राहू द्या. तो अँड्रॉइड कपाटात टाकायची घाई नको. लाभार्थ्यांचे फोटोही घरच्या फोनात न ठेवता तिकडंच हलवा.