लिनक्स कर्नलमधला एकच सामायिक कोड आरडीएमएच्या (एका मशीनने थेट दुसऱ्या मशीनच्या मेमरीत वाचणं-लिहिणं) इन्फिनीबँड, रॉकी आणि आयवॉर्प या तिन्ही प्रकारांना कसा चालवावा? जागोजागी प्रकार तपासून इफ लावले तर चालेल का?

चालेल. काही वर्षं चालेल, मग तुमच्या जागी आलेला माणूस तुम्हाला शिव्या घालेल. असा मी एकदा कुणाच्या तरी जागी आलो होतो, म्हणून लिहितोय.

पुण्यातल्या एका कंपनीत स्टोरेजचं कर्नल मॉड्यूल होतं. इन्फिनीबँडमध्ये जोडणीआधी सबनेट मॅनेजरकडून (जाळं सांभाळणारा प्रोग्रॅम) पाथ रेकॉर्ड, म्हणजे रस्त्याची माहिती, मागवायचा असतो. आयवॉर्पमध्ये ती भानगडच नाही, म्हणून कुणीतरी अट घातली होती: ट्रान्सपोर्ट (डेटा पोचवायची रीत) इन्फिनीबँड असेल तरच मागव. मग रॉकीची कार्डं आली. ट्रान्सपोर्ट इन्फिनीबँडचाच, पण खाली इथरनेट; ना सबनेट मॅनेजर, ना एलआयडी (तो मॅनेजर देतो तो पत्ता). अट खरी ठरायची, रस्ता मिळायचा नाही, जोडणी तिथेच पडायची.

आमच्या सिनियरनी उपाय काढला: त्याच अटीला शेपूट, 'आणि लिंक लेअर (खालचा थर) इथरनेट नसेल तर'. सतरा ठिकाणी. मी रिव्ह्यूमध्ये लिहिलं, पोर्टला (कार्डावरचं जोडणीचं तोंड) नाव विचारू नका, काय येतं ते विचारा; प्रत्येक क्षमतेला हो-नाहीचा एक फ्लॅग ठेवा. उत्तर आलं, "प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फ्लॅग? किराणा दुकान आहे का हे?" आणि पॅच मर्ज.

2015 साली लिनक्स 4.2 मध्ये नेमकं हेच दुकान उघडलं. 'आरडीएमए_कॅप_आयबी_एसए' (इथे पाथ रेकॉर्ड मागवता येतो का?), 'आरडीएमए_कॅप_आयडब्ल्यू_सीएम' (आयवॉर्पच्या पद्धतीने जोडणी होते का?) असे छोटे प्रश्न. उत्तरं ड्रायव्हर नोंदणीच्या वेळी एकदाच भरून देतो, नंतर ती बदलत नाहीत. मी तो बदल सिनियरना मेल केला होता. त्यावर अवाक्षर नाही.

तुमच्यासाठी महत्त्वाचं: फ्लॅग पोर्टवर ठेवा, डिव्हाइसवर नको. एकाच कार्डाचं एक पोर्ट इन्फिनीबँड आणि दुसरं इथरनेट असू शकतं. आणि सगळंच हो-नाहीत बसत नाही. इन्फिनीबँडचं मॅनेजमेंट पॅकेट 256 बाइटचं, ओम्नी-पाथ या त्याच जातीच्या दुसऱ्या जाळ्याचं 2048 पर्यंत जातं; तिथे फ्लॅग नको, आकडाच पोर्टकडून घ्या.

हां, दोनच तंत्रज्ञानं असतील आणि तिसरं येणारच नसेल तर साधा इफ लावा, उगाच थर चढवू नका. शिवाय कर्नलही सोवळा नाही. आरडीएमए रीडचा डेटा ज्या बफरमध्ये उतरतो त्याला आयवॉर्पमध्ये रिमोट राइटची परवानगी लागते, म्हणून कर्नलच्या 'आरडब्ल्यू.सी' या फाइलमध्ये सरळ 'आयवॉर्प आहे का' असं नावानेच विचारलंय. सिनियर हीच ओळ दाखवून म्हणतील, बघ, तेही नावच विचारतात. विचारतात ना, पण एका सामायिक फंक्शनमध्ये. एनव्हीएमईचं टार्गेट आणि आयसरचं टार्गेट (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला स्टोरेज देणारे दोन ड्रायव्हर) दोघंही ते आयतं वापरतात. आपली अट सतरा ठिकाणी होती, सर.