वॉलेट उघडत नाही, म्हणजे पैसे गेले का?

झोप लागत नाही, जेवण जात नाही, घरात चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या तरुणांशी जरा खोलात बोललं की हल्ली हे वाक्य निघतं: "लॅपटॉपवरचं वॉलेट उघडंना झालंय. पैसे गेलेच म्हणायचे." बिटकॉइन घ्यावं की नाही हा माझा विषय नाही. 30 टक्के कर आणि वर 1 टक्का टीडीएस सोसून ज्यांना घ्यायचं ते घेतात. पण ‘उघडत नाही’पासून ‘गेले’पर्यंत एका रात्रीत मारलेली उडी, हा नक्कीच माझा विषय आहे.

प्रशांत (नाव बदललं आहे) उद्यमनगरात सीएनसी मशीनवर जॉबवर्क करतो. भिशी लागली तेव्हा बायकोला न सांगता त्यातून बिटकॉइन घेतलं आणि इलेक्ट्रम नावाच्या वॉलेट प्रोग्राममध्ये ठेवलं. पुढं नवा लॅपटॉप घेतला, त्यावर उबंटू 24.04 ही लिनक्स प्रणाली टाकली, पेनड्राइव्हवरून जुन्या फायली आणल्या आणि इलेक्ट्रमवर डबल क्लिक केलं. काहीच झालं नाही. ना खिडकी, ना सूचना.

"मग काय केलंत?"

"रात्रभर क्लिक करत बसलो, सर. सगळं संपलं, दुसरं काय."

"स्क्रीन काय म्हणाली?"

"कायच न्हाई म्हणाली."

"मग ‘संपलं’ कोण म्हणालं?"

त्यानं मान खाली घातली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसनं सांगून ठेवलंय की माणसाला घटना छळत नाही, घटनेवर तो स्वतःशी जे बोलतो ते छळतं. मी त्याच वाटेचा. ही वाट यंत्रांशी काम करणाऱ्या माणसांना लवकर पटते, असा माझा अनुभव आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. बिटकॉइन लॅपटॉपमध्ये नसतं. त्याची नोंद जगभरच्या संगणकांवर असलेल्या ब्लॉकचेन नावाच्या सामायिक खातेवहीत असते, वॉलेटमध्ये असते ती फक्त किल्ली. पैसे घेताना वापरलेला पत्ता मोबाइलवर कुठल्याही ब्लॉक एक्स्प्लोररमध्ये, म्हणजे या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, टाकला की शिल्लक दिसते. प्रशांतनं माझ्यासमोर टाकून पाहिला. रक्कम जागच्या जागी होती.

मग त्यानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. वॉलेट परत उभं करता येणारे बारा शब्द. "ह्ये बघा, सर." कागद उघडायच्या आत मी तो परत खिशात ठेवायला लावला. हे शब्द ज्याला कळले त्याचे पैसे. समुपदेशक, भाऊ, दुरुस्तीवाला, कुणीही बघायचे नाहीत. टेलिग्रामवर एकानं त्याला ‘वॉलेट सिंक करून देतो, शब्द पाठवा’ असा निरोप आधीच धाडला होता. घाबरलेल्या माणसाला असे मदतनीस फार लवकर सापडतात. त्यानं पाठवले नव्हते, एवढं बरं.

"मशीनला अलार्म आला की पहिलं काय करता?"

"नंबर बघायचा."

"प्रोग्राम उडवत नाही?"

"येडा हाय का, सर!"

"मग ह्याचा नंबर कुठं बघायचा?"

लिनक्सवर आयकॉन गप्प असतो, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, बोलतं. लॅपटॉप बरोबर होताच. प्रोग्राम असलेल्या फोल्डरात टर्मिनल उघडून त्याचं नाव देऊन चालवायला लावलं. पहिलं उत्तर आलं, परवानगी नाही. फॅट32 पेनड्राइव्हवर लिनक्सच्या परवानग्या टिकत नाहीत. चालवायची परवानगी देणारा ‘सीएचमॉड +एक्स’ हा हुकूम दिल्यावर तो अडथळा गेला. दुसऱ्यांदा चालवल्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. तो अक्षर लावत वाचू लागला: लिबफ्यूज डॉट एसओ डॉट 2 लोड होत नाही, अ‍ॅपइमेजला (एकाच फाइलमध्ये येणाऱ्या प्रोग्रामला, इलेक्ट्रम तसाच होता) फ्यूज लागतं. पुन्हा वाचलं. मग खुर्चीत मागं टेकला.

"ह्यात पैशाचं नावच न्हाई की ओ!"

त्या क्षणासाठीच मी हे काम करतो. तोवर मी जे समजावत होतो ते त्याच्या कानापर्यंतच पोचलं होतं. ती ओळ त्यानं स्वतः वाचली आणि ‘सगळं संपलं’च्या जागी ‘एक लायब्ररी नाही’ आलं. भीतीला आकार मिळाला की ती आवाक्यात येते. म्हणून हल्ली मी धीर देण्यात वेळ घालवत नाही, आधी चूक सांगणारी ओळ मोठ्यानं वाचायला लावतो.

उबंटू 22.04 पासून फ्यूजची दुसरी आवृत्ती आपोआप बसत नाही आणि जुन्या अ‍ॅपइमेजना तीच लागते. 24.04 वर ‘सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्यूज2टी64’, 22.04 वर शेवटी नुसतं ‘लिबफ्यूज2’. ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज मात्र टाकू नका. ते फ्यूज3 हटवतं आणि त्याबरोबर डेस्कटॉपचे भागही जाऊ शकतात.

दोन दिवसांनी फोन. इलेक्ट्रम उघडलं, पण नवं वॉलेट बनवू का विचारतंय! आवाजात तीच रात्र परत आलेली. पण या वेळी कशालाही हात न लावता त्यानं आधी मला विचारलं होतं, ही माझ्या मते खरी प्रगती. कारण साधं होतं. वॉलेटची फाइल होम फोल्डरातल्या ‘.इलेक्ट्रम’मध्ये, ‘वॉलेट्स’ नावाच्या फोल्डरात असते. टिंबानं सुरू होणारं फोल्डर लपलेलं असतं, कंट्रोल एच दाबल्याशिवाय दिसत नाही आणि नुसत्या ‘सिलेक्ट ऑल’मध्ये येत नाही. जुनी डिस्क फॉरमॅट केली नव्हती. इलेक्ट्रम बंद करून ते फोल्डर नव्या लॅपटॉपवर आणलं, पासवर्ड टाकला, झालं.

जुनी डिस्क नसती तरी त्याच बारा शब्दांनी इलेक्ट्रममध्ये वॉलेट परत उभं राहिलं असतं. फक्त इलेक्ट्रमचे शब्द दुसऱ्या वॉलेटमध्ये टाकले की बहुधा ‘अवैध’ असं उत्तर येतं, कारण त्याची पद्धत वेगळी आहे. त्यावर रडायचं नाही.

बाकीच्यांची दुखणी थोडक्यात. खिडकी दाखवणारं ‘एक्ससीबी’ प्लगिन लोड होत नाही असं आलं तर बहुधा ‘लिबएक्ससीबी-कर्सर0’ टाकायचं राहिलंय. इलेक्ट्रॉन या साच्यावर बनलेली वॉलेट 24.04 वर सँडबॉक्सच्या (प्रोग्रामच्या संरक्षक कुंपणाच्या) नावानं पडतात, कारण उबंटूनं अ‍ॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेचे नियम कडक केलेत. ‘नो-सँडबॉक्स’ लावून ती चालतात, पण पैशाच्या प्रोग्रामचं कवच काढून का चालवावं? त्याच्यासाठी अ‍ॅपआर्मर प्रोफाइल बनवा. बिटकॉइन कोअर हे वॉलेट लॉक मिळत नाही म्हणालं तर त्याची जुनी प्रत मागं चालू आहे का बघा, आणि ‘डीएफ -एच’नं डिस्क भरली नाही ना तेही. वॉलेट सुडोनं, म्हणजे ‘रूट’ या मुख्य खात्याचे अधिकार घेऊन, कधीच चालवू नका. फायली रूटच्या नावावर जातात, नाहीतर ते रूटच्या फोल्डरात शोधून रिकामं दिसतं. काहीही करण्याआधी वॉलेटच्या फोल्डराची प्रत काढा. नवीन प्रोग्राम फक्त अधिकृत साइटवरून घ्या आणि फाइलची डिजिटल सही तपासा. 2018 मध्ये इलेक्ट्रम वापरणाऱ्यांना सर्व्हरवरूनच खोट्या अपडेटची सूचना दाखवून लुटलं होतं.

भिशीचं प्रशांतनं घरी सांगितलं. बायको रागावली, पैशावर कमी, लपवल्यावर जास्त. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.

आणि ज्यांनी घाबरून कुणाला शब्द देऊन टाकलेत त्यांनी समुपदेशकाची वेळ घेत बसू नये. स्वच्छ लॅपटॉपवर नव्या शब्दांचं नवं वॉलेट बनवून उरलेली रक्कम आधी तिकडं हलवा, आणि काही गेलं असेल तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.