कुड्याची साल तपासायला देताय? आधी हे वाचा

भाऊ, तुमचे आजोबा हगवणीवर कुड्याची साल देतात आणि तुम्ही ती कुटून प्रयोगशाळेत पाठवणार आहात, हे वाचून राहवलं नाही. कुटू नका. निदान आत्ताच नको.

आमच्या सिंदेवाहीकडे मामाजी हीच साल ताकातून द्यायचे. त्यांचं वय झालं तशी मी तपासणीच्या मागे लागले. एका कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "वाळवून, भुकटी करून आणा." पानं-फुलं आणा, असं कोणी बोललं नाही. गड्यांनी दोन ठिकाणांहून साल आणली आणि मी ती एकत्रच कुटली. चार महिन्यांनी अहवाल आला. अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी झाडातली रसायनं, आहेत म्हणे, पण पहिलीच ओळ होती, "नमुन्याचे नाव पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार." पुढच्या चाचणीचं विचारलं तर तेच कार्यालय म्हणालं, आधी वनस्पतीची ओळख पटवून आणा. भुकटीची ओळख कोण पटवणार? पुन्हा फुलं येईपर्यंत मे उजाडला आणि त्याआधीच मामाजी गेले. ते कोणत्या झाडाची साल काढायचे, हे आता सांगणारं कोणी नाही.

हगवणीवर देतात ती पांढऱ्या कुड्याची साल; तिच्यात काळा कुडा या दुसऱ्याच झाडाच्या सालीची भेसळ नेहमीच होते. शेंगा दोघांच्याही जोडीनं येतात, पण काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं जुळलेली असतात, पांढऱ्याची सुटी. पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोड. तरी माझ्या सांगण्यावर जाऊ नका. फुलांची फांदी वर्तमानपत्रात दाबा, कागद रोज बदला, गाव-तारीख लिहा आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागातून ओळख लेखी घ्या. साल त्याच झाडाची हवी. आणि ती खोडाभोवती गोल सोलू नका, झाड मरतं.

मी डॉक्टर नाही. पण काचेच्या बशीत जंतू मेले म्हणजे औषध सिद्ध झालं, असं कोणी सांगितलं तर मानू नका. माणसाला किती द्यायचं, काय अपाय होतो, हे त्यातून कळत नाही. लेकराला हगवण लागली तर ओआरएस पाजा, रक्त पडत असेल तर तडक दवाखाना गाठा.

आणखी एक. आजोबांची माहिती बाहेर कोणाला देण्याआधी ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती लिहून ठेवतात त्या वहीचं, विचारा; २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली ती ठेवायची असते.

बाकी सगळं मागाहून होईल. आजोबा चालू शकतात तोवर त्यांना झाडापाशी न्या, त्यांच्याच हातानं बुंध्यावर चुन्याची खूण करून घ्या.